पोलीस गृहनिर्माण महामंडळाच्या संचालक मंडळावर कोण असतं, आणि तिथे साधा हवालदार का नसतो?

कोण असतं ते पटकन सांगते. हे महामंडळ 1974 पासूनचं, पूर्ण मालकी महाराष्ट्र सरकारची, त्यामुळे संचालकही सरकारच नेमतं. व्यवस्थापकीय संचालक म्हणून वरच्या रँकचा आयपीएस असतो, 2022 ला मुंबईचे पोलीस आयुक्त झालेले विवेक फणसळकर त्याआधी तिथेच होते. बाकी कंपनी कायद्याप्रमाणे वर्षाला निदान चार मीटिंगा, दोन मीटिंगांत 120 दिवसांपेक्षा जास्त गॅप नको, ऑडिटर कॅग (म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे देशाचे महालेखापरीक्षक) नेमतं, वार्षिक अहवाल विधिमंडळात ठेवायचा.

आता हवालदाराचं. माझे बाबा हवालदार होते आणि मी लग्न होईपर्यंत पोलीस लाईनीत वाढले. गावाचं नाव आणि बिल्डिंग बांधणाऱ्या ऑफिसचं नाव मुद्दाम टाकत नाही, भाऊ अजून खात्यात आहे. दहावीत असताना आम्हाला नवीन क्वार्टर मिळालं, चाव्या द्यायला मोठे साहेब आले, मंडप, नारळ, सगळं. साहेब आमच्या मजल्यावर घर बघायला आत आले तर आई म्हणाली, साहेब एक मिनिट इकडे बघा, आणि तिने मोरीत अर्धी बादली पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायच्याऐवजी दाराकडे आलं, उंबऱ्यावरून थेट साहेबांच्या बुटापर्यंत. उतारच उलटा काढला होता. नकाशा पास झाला, बिल पास झालं, एवढ्या लोकांनी सह्या केल्या आणि चूक सापडली ती रोज धुणं धुणाऱ्या बाईला. साहेब काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बाबांना ओआरला (ऑर्डरली रूम, म्हणजे शिस्तीच्या तक्रारीसाठी साहेबांसमोर) उभं केलं आणि घरच्यांना आवरा म्हणून ऐकवलं. बाबा नाईट करून आले होते, टोपी काढून खुंटीला लावली आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. आई दिवसभर गप्प होती.

माझे धाकटे दीर सीए आहेत, दर गणपतीत आमचा यावरून वाद होतो. ते म्हणतात वहिनी, बोर्डावर बसायला बॅलन्सशीट वाचता आली पाहिजे, हवालदार काय करणार तिथे. मग बॅलन्सशीटमध्ये मोरीचा उतार दिसतो का भाऊजी? पैसा नीट खर्च झाला का हे कॅग बघेल, पण घर राहण्यासारखं झालं का हे त्यात राहणाऱ्यालाच कळतं.

आणि हवालदार बोलणार तरी कुठून? 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनी बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, तेव्हापासून त्यांच्या वतीने ठणकावून बोलणारं कोणी उरलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, नोकरीतला हवालदार बोर्डावर बसवून उपयोग नाही, ज्या साहेबांच्या हातात त्याचा गोपनीय अहवाल आणि बदली त्यांच्यासमोर तो मानच हलवणार. रिटायर झालेला एक हवालदार घ्या आणि लाईनीत राहणारी एक बाई घ्या, नुसती बोलवायला नको, मतदानाचा पूर्ण हक्क देऊन घ्या.

सगळे अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही हं. त्याच साहेबांनी दोन महिन्यांत आमच्या मजल्यावरच्या मोऱ्या फोडून परत करून घेतल्या. खालच्या दोन मजल्यांवर मात्र कोणी फिरकलं नाही, त्या बायका पुढे कितीतरी वर्षं उंबऱ्याला पोतं लावून धुणं धूत होत्या.

तुम्ही खरंच खोलात जाणार असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. मीटिंगांची इतिवृत्तं मागा आणि क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका तरी माणसाचं म्हणणं त्यात लिहिलंय का बघा. मीपण टाकतेय, आईच्या नावाने.