पापणीतली न दुखणारी गाठ आणि नेत्रतर्पण

ताई, तुम्ही लिहिलंत की आधी रांजणवाडी झाली, ती बसली पण वरच्या पापणीत वाटाण्याएवढी कडक गाठ मागे राहिली, अडीच महिने झाले, दुखत नाही. आयुर्वेद केंद्रात सात दिवसांचं नेत्रतर्पण (डोळ्यावर औषधी तूप भरून ठेवणं) सुरू केलं, चौथ्या दिवशी पापणी लाल होऊन सुजली, आणि विचारल्यावर 'दोष बाहेर पडतायत' असं उत्तर मिळालं. हेच वाक्य आमच्या घरीही ऐकून झालंय, दुसऱ्या एका केंद्राकडून. म्हणून जरा लांबण लावतोय. मी डोळा पाहिलेला नाही, तेव्हा हे निदान समजू नका.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत, त्याने पापणीचे २१ रोग दिलेत. त्यात रांजणवाडी म्हणजे अंजननामिका: लालसर, जळजळणारी, टोचणारी पुळी. तुमची आत्ताची गाठ वर्णनावरून लगण वाटते: न पिकणारी, कठीण, जाड, न दुखणारी, खाज असलेली, बोराएवढी होऊ शकणारी. कफाचा आजार. तर्पण हे उलट कोरड्या, रखरखीत, ताठरलेल्या, पापण्यांचे केस गळणाऱ्या डोळ्यासाठी आहे. कफाच्या गाठीवर तूप भरून काय साधायचं होतं, ते त्या केंद्रालाच ठाऊक.

खरी गोम वेळेत आहे. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची दोन अंगुळं उंच पाळी करायची, गरम पाण्यावर पातळ केलेलं तूप पापण्यांच्या केसांची टोकं बुडेपर्यंत ओतायचं, इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पण ते किती वेळ ठेवायचं हे रोग कुठे आहे त्यावर ठरतं. दुसरा ग्रंथकार वाग्भट, त्याने पापणीच्या रोगात १०० मात्रा सांगितल्यात, डोळ्यातल्याच भागांच्या सांध्यांच्या रोगात ३००, पांढऱ्या भागासाठी ५००, काळ्यासाठी ७००, दृष्टीच्या रोगात ८००. मात्रा म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ. शंभर मात्रा कितीही रेंगाळत मोजल्या तरी दोन मिनिटांत संपतात. पॅकेजमध्ये मात्र सरसकट सगळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं! शिवाय तुपाने वाढलेला कफ काढायला नंतर धूमपान (औषधी धूर ओढणं) सांगितलंय, ते किती ठिकाणी करतात? आणि लाली-ठणका शमल्याशिवाय तर्पण करू नये, हा तर स्पष्ट नियम. सूज आल्यावरही पाचवा दिवस उरकणं हे माझ्या मते अक्षम्य आहे. कुठलं घृत, किती मात्रा, कोणत्या अवस्थेत, हे केसपेपरवर लिहून मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

आता तर्पण बंद. ताप आला, डोळा उघडेना, बुबुळ हलवताना दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठा, अशा वेळी काढे-लेप चालत नाहीत. तसं काही नसेल तर पाच दिवस हलकं जेवण (मुगाचं कढण, भाकरी; दही-उडीद बंद, दुपारची झोप बंद). काजळही बंद. आतल्या कडेला भरलेलं काजळ नेमकं पापणीतल्या तेलग्रंथींच्या तोंडावर बसतं.

मुख्य उपाय शेक, आणि तोच लोक अर्धवट करतात. सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, चटका बसता कामा नये. मिटल्या डोळ्यावर आठ-दहा मिनिटं. कापड मिनिट-दोन मिनिटांत गार होतं, म्हणून दोन कापडं आलटून पालटून घ्या. लगेच, ग्रंथीतलं साकळलेलं तेल सैल असतानाच, स्वच्छ बोटाने वरून खाली केसांच्या दिशेने हलकेच निपटा. गाठ दाबून फोडायची नाही. सकाळ-संध्याकाळ, चार ते सहा आठवडे नेमाने.

लेप हवाच असेल तर बिडालक, म्हणजे पापणीवर बाहेरून लावायचा लेप: हिरडा, गेरू, सैंधव, दारुहळद, रसांजन (दारुहळदीचा आटवून घट्ट केलेला काढा) समभाग, पाण्यात वाटून मिटल्या पापणीवर बाहेरून, केस सोडून. सुकू लागला की ओला करून काढायचा. वाळलेल्या लेपाची कणी डोळ्यात गेली की नवीन दुखणं. चूर्ण वस्त्रगाळ हवं आणि वैद्याला दाखवूनच. सहाणेवर उगाळलेली लवंग मला तरी पटत नाही, डोळ्यात उतरली तर बुबुळाला झोंबते.

त्रिफळ्याचं रात्रभर भिजवलेलं पाणी डोळ्यात घालताय ते थांबवा. गाळ राहतो आणि ते आंबतंही. धुवायचंच तर त्रिफळ्याची १० ग्रॅम भरड १६० मिली पाण्यात उकळून ४० मिली उरवा, चौपदरी कापडातून दोनदा गाळा, कोमट झाल्यावर मिटल्या डोळ्यावर चार अंगुळांवरून धार धरा. उरलेला ओतून द्या, फ्रिजमध्ये जपू नका.

एवढं करूनही गाठ हलली नाही तर चिरून घ्या. त्यात आयुर्वेदाशी गद्दारी वगैरे नाही, लगण सुश्रुतानेच भेद्य, म्हणजे चिरायच्या रोगांत घातलंय. मागाहून घासायला गोरोचन, क्षार, मोरचूद, पिंपळी, मध सांगितलेत आणि अंजननामिकेला मनशीळ. मोरचूद आणि मनशीळ (त्यात आर्सेनिक असतं) घरी अजिबात हाताळू नका. नेत्रतज्ज्ञ किंवा शालाक्याचे (आयुर्वेदातली डोळे-कान-नाक-घशाची शाखा) एम.एस. झालेले वैद्य पापणी उलटून आतून छेद देतात आणि आतला मगज खरवडतात. पापणी बधिर करून होणारं छोटं काम आहे, टाकेही सहसा लागत नाहीत.

मात्र तुम्ही वय लिहिलेलं नाही. चाळिशी उलटली असेल, गाठ पुन्हा त्याच जागी येत असेल किंवा तिथले केस गळले असतील, तर 'दुखत नाही' म्हणून निर्धास्त राहू नका. पापणीचं अर्बुदही (कर्करोगाची गाठ) बहुतेकदा न दुखणारंच असतं. खरवडलेला मगज तपासणीला पाठवा असं डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर तो तिथेच बादलीत जातो.