कोर्लईला जायचं तर आधी पंचांग उघडा

प्रश्न असा आहे: सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी घेऊन अलिबागहून एका दिवसात कोर्लईचा किल्ला आणि खालच्या खडकांतले समुद्री जीव, दोन्ही होतील का? होतील, फक्त दिवस तिथी बघून निवडा.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला आणि सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. दोन्ही पक्षांतली बीज ते चतुर्थी सर्वांत चांगली, कारण उधाणाचं पाणी लांबवर ओसरतं आणि तेही सकाळी. अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही, ओहोटी ऐन दुपारी. मुलं हिरमुसतात ती त्या दिवशी.

ओहोटीच्या तासभर आधी खडपात उतरा आणि पाणी फिरलं की बाहेर या. डबक्यात हात न घालता दोन मिनिटं स्थिर बसलं, की कपारीतले खेकडे आणि दुसऱ्याच्या शंखात राहणारे शंखखेकडे बाहेर येतात. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, म्हणून चपला नकोत, बंद बूट हवेत. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवूच नका. उचललेला दगड होता तसाच पालथा ठेवा, त्याच्या खाली कुणीतरी राहत असतं.

वाट अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, साळाव, कोर्लई अशी. कोळीवाड्यातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी अलीकडेच लावा. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी वीसेक मिनिटांत माथा येतो. आईवडिलांना अर्धा तास द्या. सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी न्याच. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं, त्यात टाक्याचं तोंड आणि सुटे दगड झाकले जातात. मुलीचा हात सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसतं, कुरव हे समुद्रपक्षीही आलेले असतात.

बहुतेक लोक छत नसलेलं चर्च बघून परत फिरतात. निजामशाहीने बांधायला घेतलेला हा डोंगर पोर्तुगीजांनी 1594 मध्ये जिंकला, आणि त्यांची खरी योजना कळते ती उत्तर टोकाला. आडव्या तटांनी माथ्याचे भाग पाडलेत. एक दरवाजा पडला तरी पुढचा भाग लढत राहावा म्हणून. शेवटी तट उतरत थेट पाण्याजवळ जातो आणि चौलच्या खाडीचं तोंड समोर येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं.

1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळीची 'नोलिंग' अजून बोलली जाते. परतताना वाडीत थांबलात तर कानावर पडेल.