वाचकांचे प्रश्न : बारा मडक्यांसमोर किती वेळ थांबायचं?

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षं तबला शिकला, विशारद झाला. आता मैफली सोडून तो ‘साउंड इन्स्टॉलेशन’ करतो. परवा त्याचं प्रदर्शन पाहिलं. अंधाऱ्या खोलीत बारा मडकी, प्रत्येकात स्पीकर, आणि नुसता घुमणारा आवाज. ना सुरुवात, ना सम. लोक दोन मिनिटं थांबून निघून जात होते. याला संगीत म्हणायचं का? आणि बारा वर्षांच्या रियाझाचं काय झालं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या आधी याच वाटेने गेलेल्या एका तालवादकाबद्दल सांगतो. मॅक्स न्यूहाउस, जन्म 1939, अमेरिकेतला. स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराच्या अवघड रचना तो एकट्याने वाजवायचा. न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये त्याचे कार्यक्रम झाले होते. 1968च्या सुमारास, तिशीच्या आतच, त्याने मंचावर वाजवणं सोडलं. 1966पासूनच तो श्रोत्यांच्या हातावर ‘ऐका’ असा शिक्का मारून त्यांना शहराच्या रस्त्यांवरून फिरवू लागला होता. पुढे त्याने पोहण्याच्या तलावात असे आवाज निर्माण केले की ते ऐकायला डोकं पाण्याखाली घालावं लागे.

त्याचं सगळ्यात प्रसिद्ध काम न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आहे. ब्रॉडवे आणि सेव्हन्थ अॅव्हेन्यू यांच्या मधल्या चिंचोळ्या तुकड्यावर, 45व्या आणि 46व्या रस्त्यांच्या दरम्यान, जमिनीत लोखंडी जाळी आहे. तिच्या खालच्या पोकळीत 1977 साली त्याने आवाज बसवला. पाटी नाही, नाव नाही, आणि ते त्याने मुद्दाम ठेवलं नाही.

लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा मी त्या जाळीवर जाऊन उभा राहिलो. मी पस्तीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंगचं काम केलंय, कान तयार आहेत असं वाटायचं. पहिली दोन मिनिटं फक्त टॅक्सींचे भोंगे ऐकू आले. मग खालून काहीतरी उमटू लागलं. देवळातल्या मोठ्या घंटेचा टोल संपल्यावर जो घुमारा उरतो ना, तो. फक्त इथे तो विरतच नव्हता. चार पावलं बाजूला झालो तर गेला, परत आलो तर तिथेच होता. मान वळवली की त्याचा पोत बदलायचा. पाऊण तास मी तिथे होतो. माझ्या आजूबाजूने शेकडो माणसं त्या जाळीवरून चालत गेली.

मैफलीत वेळ कलावंत ठरवतो. तो कधी सुरू करणार, समेवर कधी येणार, त्याच्या हातात असतं. इथे आवाज एका जागी ठेवलेला असतो आणि वेळ आपण घेऊन जायचा असतो. समेची वाट पाहत बसलात तर चुकामूक होणारच, कारण इथे लयीची जागा तुमच्या पावलांनी घेतलेली असते.

रियाझ वाया गेलेला नाही, हे मी ठामपणे सांगतो. डग्ग्यावरच्या एका ‘घे’ची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, कुठवर टिकते, मनगट किंचित सरकलं की ती कशी बदलते, हे बारा वर्षं ऐकलेला मुलगाच बारा मडकी निवडू शकतो. पोट आणि तोंड यांच्या मापावर प्रत्येक मडक्याचा स्वतःचा सूर ठरतो. आत सोडलेल्या आवाजातला तेवढाच सूर ते उचलून धरतं. थोडं पाणी घातलं तर सूर चढतो. अशी बारा मडकी एकमेकांशी जुळवायला कुंभाराकडे किती फेऱ्या झाल्या असतील, विचार करा.

पोटापाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ती काळजी मला पत्रात दिसली. ठरलेली बिदागी या कामात नसते. न्यूहाउसचं टाइम्स स्क्वेअरमधलं कामही 1992 साली बंद झालं होतं. 2002मध्ये ते पुन्हा सुरू झालं, आता डिया आर्ट फाउंडेशन ते सांभाळतं.

प्रदर्शन अजून चालू असेल तर पुन्हा जा. एकट्या जा, गर्दी नसेल अशा वेळी. खोलीच्या मधोमध उभ्या राहू नका. प्रत्येक मडक्याच्या तोंडाशी कान न्या, मग भिंतीला पाठ लावून ऐका. घरी आल्यावर मुलाला एकच विचारा : यातलं कुठलं मडकं जुळायला सगळ्यात जास्त दिवस लागले?