दारोदार मसाला विकायला निघताय? मग हे वाचा

ताई, पहिल्याच दिवशी दहा प्रकार पिशवीत भरू नका, काळा मसाला आणि उडदाचे पापड एवढंच घ्या, आणि मसाल्याची पाकिटं 100 ग्रॅमचीच करा कारण अनोळखी बाईकडून पाव किलो कोणी घेत नाही. सोसायटीत घुसायच्या आधी सेक्रेटरीला विचारा, नाहीतर वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. वेळ म्हणाल तर सकाळी अकरानंतर किंवा संध्याकाळी पाचनंतर, दुपारी एक ते चार बेल वाजवली की गिऱ्हाईक कायमचं गेलं समजा (पुण्यात तर बोलायलाच नको).

दार उघडलं की भाषण नको, सरळ डबी उघडून वास द्या, पापड मात्र घरूनच भाजून न्या आणि तुकडा हातावर ठेवा. एफएसएसएआयचं (म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन आधीच ऑनलाइन काढा, फी वर्षाला 100 रुपये, तो 14 आकडी नंबर, वजन आणि पॅकिंगची तारीख लेबलवर पाहिजेच, हल्ली बायका पाकीट उलटं करून बघतात. आणि उधारी? एक पाकीट चालेल, पण मागचे पैसे आल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही, मग ती कितीही गोड बोलू दे. पंधरा दिवसांनी परत त्याच दारात जा, खरी ऑर्डर तेव्हाच मिळते.