घरामागचं वेल्डिंग आणि हातात आलेले तीन कागद

प्रश्न: जुळे सोलापुरात माझं स्वतःचं रो-हाउस आहे. शाळेत कार्यानुभव शिकवायचो, आता निवृत्त आहे. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकून वेल्डिंगचा छंद करतो. 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, ग्राइंडर, कटर एवढंच साहित्य. कधी जाड पट्टी कापायची असली तर ऑक्सिजनबरोबर घरातला गॅस सिलिंडर लावतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली. वीज कंपनीचं पथक येऊन ‘घरगुती जोडणीवर फॅब्रिकेशन व्यवसाय’ असा पंचनामा करून गेलं आणि 38,400 रुपयांचं बिल आलं. पाठोपाठ महापालिकेची शेड आणि परवान्याबद्दल नोटीस आली, आणि पोलीस चौकीत शेजाऱ्यांनी एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली. एका मित्राला झोपाळा करून दिला होता, त्याचे साडेसहा हजार यूपीआयने घेतले. त्यात ‘मजुरीसह’ असं लिहिलं गेलंय. पूर्व भागात घराघरांत यंत्रमाग चालतात, त्यांना कोणी विचारत नाही. मीच का? आणि हा छंद होता हे कोर्टात कसं सिद्ध करू?

उत्तर: नमस्कार सर. आधी कोर्ट डोक्यातून काढा. अनधिकृत वापराच्या अशा वीजबिलाच्या वादात दिवाणी कोर्टाला हातच घालता येत नाही, विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 145 ने तो रस्ता बंद केला आहे. ग्राहक तक्रार निवारण मंचही कलम 126 ची, म्हणजे अनधिकृत वीजवापराच्या आकारणीची, प्रकरणं ऐकत नाही. लोक तिथे अर्ज देऊन वाट पाहत बसतात आणि इकडे मुदत निघून जाते. तुमचे तिन्ही कागद वेगवेगळ्या कायद्यांचे आहेत. ‘छंद’ हा मुद्दा एकीकडे उपयोगाचा, दुसरीकडे अर्धाच उपयोगाचा आणि शेडच्या बाबतीत अजिबात कामाचा नाही. एकच उत्तर टाइप करून तिघांना देऊ नका.

वीजबिलाला आता वेळ कमी आहे. तुमच्या हातात 38,400 चं जे बिल आहे तो तात्पुरता निर्धारण आदेश, म्हणजे अजून अंतिम न झालेली आकारणी. त्यावर हरकत घ्यायचा आणि सुनावणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अधिकाऱ्याने अंतिम आदेश द्यायचा असतो. हरकत लेखीच द्या, आदेशात दिलेल्या मुदतीत द्या आणि पोच घ्या. सात दिवसांत पैसे भरायची जी ओळ त्यात आहे ती आकारणी मान्य असणाऱ्यांसाठी असते. घाबरून भरू नका.

हरकतीत ‘मी कधीच कोणाकडून पैसे घेतले नाहीत’ असं मात्र लिहू नका. यूपीआयची नोंद पुसली जात नाही, आणि ‘मजुरीसह’ हा शब्द तुमच्याच मोबाइलवरून गेलेला आहे. शिवाय खोटं बोलायची गरजच नाही. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत घरगुती वर्गासाठी एक तरतूद वर्षानुवर्षं चालत आली आहे: राहत्या घराच्या काही भागात कोणी व्यवसाय करत असेल, पण महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा मिळून 3600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. पात्रता आर्थिक वर्ष संपल्यावर तपासायची आणि मर्यादा ओलांडली असेल तर ग्राहकाला आधी कळवून मग पुढचा दर बदलायचा. म्हणजे झोपाळ्याचे साडेसहा हजार व्यवसायाचे धरले तरी आधी बघायचा तो तुमचा वापर. चालू दर-आदेशाची प्रत काढा, तो परिच्छेद शब्दशः उतरवा आणि मागच्या एप्रिल ते मार्चची बाराही बिलं जोडा. घरात एसी असेल तर मे महिन्याचं बिल 300 च्या वर गेलेलं असणार, सोलापूरचा उन्हाळाच तसा आहे. समोरचा अधिकारी नेमकं तेच बिल उचलेल. तेव्हा वर्षाची बेरीज आणि ‘आधी कळवून’ हे शब्द त्याच्यापुढे ठेवा.

दुसरा मुद्दा भाराचा. पंचनाम्यात मशीनच्या प्लेटवरचा 200 हा आकडा उचललेला दिसतो. वेल्डिंग न केलेल्या माणसाला ते मोठं वाटतं. तुम्ही 2.5 मिलिमीटरचा रॉड वापरत असाल तर मशीन 70-80 अँपिअरवर ठेवता, आणि हा करंट रॉडच्या बाजूचा, मीटरच्या बाजूचा नव्हे. तेवढ्यावर मशीन मीटरमधून साधारण दोन-सव्वादोन किलोवॉट खेचतं, तेही ठिणगी चालू असेल तेवढाच वेळ. हे लायसनधारक वायरमनकडून मोजून लेखी घ्या. पण मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मान्य केलेले किलोवॉट, बिलावर पाहा. तो एक-दीड किलोवॉट असेल तर इथे तुम्ही अडकू शकता, कारण सीताराम राइस मिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली मंजूर भारापेक्षा जास्त वापर हाही कलम 126 खालचा अनधिकृत वापर ठरवला आहे. भार वाढवायचा अर्ज आजच द्या. झालेल्या गोष्टीला त्याने पांघरूण पडणार नाही, पण पुढच्या पथकासाठी तो हवाच.

मग हिशेब तपासा. आकारणी दुप्पट दराने होते आणि अनधिकृत वापराचा काळ ठरवता आला नाही तर तपासणीपूर्वीच्या 12 महिन्यांपुरतीच करता येते. दर वाणिज्यिक लावलाय की औद्योगिक? औद्योगिक कमी असतो, आणि पंचनाम्यात ‘फॅब्रिकेशन’ लिहून दर दुकानाचा लावला असेल तर कारण विचारा. तुम्ही भरलेल्या बिलांची रक्कम वजा केली आहे का, हेही. अंतिम आदेश विरुद्ध गेला तर 30 दिवसांत कलम 127 खाली विद्युत निरीक्षकांकडे अपील. त्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते. न भरता, न भांडता बसलात तर 30 दिवसांनंतर वर्षाला 16 टक्के व्याज, तेही सहामाही चक्रवाढ.

आता शेड. सर, इथे तुमची बाजू लंगडी आहे. मागच्या सामासिक अंतरात (घराभोवती मोकळी सोडायची जागा) विनापरवाना पत्रे टाकले, तर खाली वेल्डिंग करता की तुळशी ठेवता याने फरक पडत नाही. नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम 260 ची आहे की नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, ते वर लिहिलेलं असेल. एखाद्या आर्किटेक्टला जागा दाखवा. नियमित होण्यासारखं असेल तर नोटिशीच्या मुदतीत अर्ज द्या, नसेल तर स्वतः उतरवा आणि फोटोसह कळवा. माझं मत विचाराल तर उतरवा. नटबोल्टचं शेड आहे, तुमच्याच हातचं. त्यासाठी वर्षभर झोन ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका.

त्याच नोटिशीतला परवान्याचा भाग वेगळा. महापालिका अधिनियमाचं कलम 376 मुख्यतः धंद्यासाठी आहे. तिथे निवृत्तिवेतनाचा कागद, बोर्ड नाही, जीएसटी नाही, गिऱ्हाईक नाही हे सांगता येईल. मात्र कोणाच्या सांगण्यावरून ‘उद्यम’ (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी करून ठेवली असेल तर मला आधी सांगा. आणि त्याच कलमात जिवाला धोका किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होणाऱ्या कामांचाही उल्लेख आहे, तिथे छंद म्हणून सूट नाही.

पूर्व भागातल्या यंत्रमागांचा मुद्दा उत्तरात घालू नका. त्यांतले कित्येक जुने, परवान्याचे आणि औद्योगिक जोडणीचे आहेत. जे नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवून तुमचं नियमात बसत नाही. बेकायदा गोष्टीत समानता मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. उलट अधिकारी चिडतो ते वेगळंच.

एनसीने झोप उडवून घेऊ नका. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली सार्वजनिक उपद्रवाचा दंड 1000 रुपयांपर्यंत आहे. मला काळजी आहे ती त्या लाल सिलिंडरची. घरगुती सिलिंडर कटिंगला लावणं म्हणजे एलपीजी पुरवठ्याच्या 2000 सालच्या आदेशाचा भंग, आणि त्यामागे जीवनावश्यक वस्तू कायदा उभा आहे. त्यावर न्याय संहितेचं आगीबाबत निष्काळजीपणाचं कलम 287 लागलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पंचनाम्यात सिलिंडरचा उल्लेख नाही असं दिसतं. पुन्हा तो शेडकडे न्यायचा नाही. जाड पट्टी कापायची असेल तर होटगी रोडच्या एखाद्या वर्कशॉपमधून कापून आणा.

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र पूर्ण खोटं नाही. वेल्डिंगला फारसा आवाज नसतो. डोकं उठवतो तो ग्राइंडर, त्याचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45. मधली भिंत सामाईक असताना तुम्ही कोणत्या तोंडाने भांडणार? त्यात रॉड टेकवला की त्यांचे दिवे मिणमिणतात, आणि त्यांची नातवंडं गच्चीवरून ठिणगी बघत बसतात. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला की रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गच्चीच्या उंचीपर्यंत वेल्डिंगचा पडदा लावा. ग्राइंडिंग शनिवारी-रविवारी अकरा ते एक, दुपारच्या झोपेआधी बंद. गॅल्व्हनाइज्ड पाइप घरी जोडूच नका, त्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने ताप येतो आणि तक्रारीला डॉक्टरची चिठ्ठी जोडली जाते. या वेळा ठरवून दोघांनी साध्या कागदावर सह्या केल्या आणि त्याची प्रत चौकीत दिली, तर एनसीतला जीव तिथेच जातो.

ते सही करायला तयार नसतील तर ते मनाई हुकमासाठी दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात, आणि त्याला कलम 145 ची आडकाठी नाही. म्हणून जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांच्याविरुद्ध कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता एकतर्फी हुकूम होणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालते. मुदत संपल्यावर गरज वाटली तर पुन्हा दाखल करा. वीज हरकतीचा मसुदा आणि बाराही बिलं घेऊन या आठवड्यातच एखाद्या वकिलाला गाठा. आदेश मिळाल्याची तारीख असलेलं पाकीट सोबत न्या.