तिसऱ्याचा लाभ, पण तिसरा कोण?

प्रश्न : अमेरिका आणि चीन एकमेकांच्या मालावर कर लावतायत, म्हणजे आपला माल दोन्हीकडे खपायला हवा. पेपरात मात्र येतं की चीनशी आपली व्यापारी तूट (घेणं जास्त, विकणं कमी) वाढली. इकडे गावात येऊन घेणारा खेडा खरेदीवाला हमीभावाच्या खाली कापूस मागतोय. 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण खोटी समजायची का? (एक कापूस उत्पादक, ता. चोपडा)

उत्तर : म्हण खरी आहे दादा, फक्त तिसरा कोण ते ती सांगत नाही.

मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुई करणारा कारखाना) बावीस वर्षं हिशेब लिहिला. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकेच्या कापसावर 25 टक्के शुल्क लावलं, तेव्हा आमचे शेठ पेढे मागवायच्या बेतात होते. थोडं साधलंही. चीनशी आपली तूट 2017-18 मध्ये 63 अब्ज डॉलर होती, ती पुढच्या वर्षी 54 च्या आसपास आली. पण मोठी गिऱ्हाइकी ब्राझीलने नेली.

आणि चीनने नाकारलेली अमेरिकेची गठाण (दाबून बांधलेली रुई) काही गोदामात बसून राहत नाही. ती व्हिएतनामला, बांगलादेशला जाते, म्हणजे जिथे आपली रुई जायची तिथेच, आणि पडत्या भावाने. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा वायदा भाव उतरला की आमच्याकडे सकाळी फोन यायचा. फाटकात बैलगाडी उभी, शेतकरी विचारतोय 'भाव काय शे?', आणि मी शेठच्या तोंडाकडे बघतोय. अमेरिकेने त्या वर्षी तिथल्या शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली होती. आपल्या गाडीवाल्याला कोण देणार होतं?

आता तुमच्या 2025-26 च्या हंगामातल्या भावाकडे येतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारताच्या बहुतेक मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. अमेरिका हे आपलं नफ्याचं खातं : 2024-25 मध्ये तिथे आपण जेवढं घेतलं त्यापेक्षा सुमारे 41 अब्ज डॉलरचा माल जास्त विकला. घाव त्याच खात्यावर बसला. कपडे शिवणाऱ्यांच्या ऑर्डरी अडल्या, गिरण्यांनी स्वस्त रुई मागितली, आणि सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी चालू असताना परदेशी गठाणीला बंदर मोकळं. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये असून बोली त्याच्या खाली का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. गिरणीवाल्याची अडचण मला कळते. पण तिची भरपाई कपाशीवाल्याने करावी हे मला पटलेलं नाही.

चीनचं खातं उलटं. 2024-25 मध्ये आपण तिथे 14 अब्ज डॉलरचा माल विकला आणि 113 अब्जांचा घेतला, तूट 99. विक्री तर 2018-19 पेक्षाही कमी, तेव्हा ती 16 अब्जांच्या वर होती. चीनच्या कारखान्यांना अमेरिकेचं दार अरुंद झालं की तो माल दुसरीकडे ढकलला जातो, आणि शेजारी म्हणून आपण आहोतच. यात सगळं वाईटच असतं असंही नाही. चीनची पीव्हीसी पावडर स्वस्त मिळाली तर जळगावच्या पाइपवाल्याला बरंच वाटतं. ती पावडर इथे बनवणारा मात्र रडतो. तुटीचा एक आकडा वाचून यातलं काही कळत नाही, म्हणून मी तो बघत नाही, त्याच्या खालच्या ओळी बघतो, म्हणजे कुठला माल आला आणि कुठला गेला.

एक ओळ तुमच्या शेजारच्या रावेर-यावलची. केळीला ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं मोठ्या प्रमाणात चीनहून येतात. 2025 च्या मध्यात चीनने ती पाठवणं रोखून धरलं. इथे आयात घटली म्हणजे कागदावर तूट कमी! केळीवाला त्याबद्दल हार घालणार आहे का?

तुमच्यापुरतं सांगतो. सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी भारतीय कापूस महामंडळ) केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, 12 च्या वर माल घेत नाहीत. दवात वेचलेला कापूस दोन दिवस उन्हात पसरा, कवडी (किडका, खराब कापूस) वेगळी काढा, मगच गाडी भरा. आणि सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी चालू असून तुमची राहिली असेल तर आज घरच्या पोराला बसवून करून घ्या.