रिपोर्ट चांगले आले, मग बाबा दार लावून का जेवतात?

"मॅडम, बाबांचा कॅन्सर गेला. डॉक्टर म्हणाले, आता ठरल्या तारखेला फक्त दाखवायला यायचं. आम्ही गल्लीत पेढे वाटले. पण बाबा आतल्या खोलीत दार लावून जेवतात. आईनं ताट ठेवायचं आणि बाहेर यायचं. सगळं चांगलं झालं असताना असं का?"

सांगली-मिरजेकडे मी कर्करुग्णांसाठी समुपदेशन करते. हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. शब्द बदलतात, दार तेच असतं. ही मुलगी आली तो प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात मी एक चूक केली होती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या वडिलांना आपण आण्णा म्हणू.

आण्णा एसटीत वाहक. वय 52. आधी गुटखा. 2012 साली राज्यात त्यावर बंदी आली तेव्हा तंबाखू-चुन्यावर आले. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, मग भरून न येणारी जखम. जबड्याचा डावा भाग काढला, छातीचं मांस वर वळवून गाल भरला. पेशंट या ऑपरेशनला 'कमांडो' म्हणतात. मग आठवड्यातले पाच दिवस असं सहा आठवडे रेडिएशन.

पहिल्या भेटीत ते फारसं बोलले नाहीत. उच्चार अडखळत होते आणि त्यांना त्याची लाज होती. जे बोलले त्यातलं एक वाक्य माझ्या वहीत आहे: "दुसऱ्याचं नशीब म्हणता येतं. मी माझ्या हातानं मळून खाल्लं."

त्या सहा आठवड्यांविषयी मात्र ते बरं बोलले, याचं मला नवल वाटलं. रोज एकच गाडी, बाकावर तीच माणसं, कुणाचे किती 'शेक' झाले याचा हिशोब. तोंड सोलवटलेलं, नाकातून नळी, पण उद्या कुठं जायचं ते ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी टेक्निशियननं हात मिळवला आणि दुसऱ्या सकाळी जायला ठिकाणच उरलं नाही. घरच्यांसाठी तो आनंदाचा दिवस होता. माणूस मोडतो तो बरेचदा याच दिवसापासून. उपचार चालू असताना घाबरायलाही वेळ नसतो.

दाराचं कारण तिसऱ्या भेटीत कळलं. ऑपरेशनमध्ये खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली होती. भाताचं शीत ओठावर राहिलं, ताक हनुवटीवरून ओघळलं, तरी त्यांना समजत नसे. एकदा नातू म्हणाला, "आजोबा, सांडलं." त्या दिवसापासून दार बंद. त्यात रेडिएशननं लाळग्रंथी दुखावलेल्या, त्यामुळे प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, चार घासांत सगळं घर जेवून उठायचं. ज्या माणसानं उभी हयात गर्दीत "पुढं सरका, पुढं सरका" केलं, त्याला चार माणसांत बसणं नकोसं झालं.

मी काय केलं? पुस्तकात असतं ते. "लोक तुम्हाला वाटतं तेवढं बघत नाहीत," असं समजावलं आणि आमच्या महिन्याच्या गटात यायला सांगितलं. गटात तेव्हा बहुतेक स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायका होत्या. फार चांगल्या, मोकळ्या. आपलं सांगता सांगता एक ताई सहज म्हणाल्या, "मी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, तरी मलाच का?" त्यांच्या मनात काही नव्हतं. आण्णा त्यानंतर दोन महिने फिरकले नाहीत.

तंबाखूचा कॅन्सर झालेल्याला सहानुभूती मिळते ती कापूनकपूनच. नातेवाईक, शेजारी, कधीकधी दवाखान्यातलेसुद्धा "खाल्लंस ना, भोग आता" असं तोंडानं नाही तरी डोळ्यांनी म्हणतात. "आपण सगळे एकाच नावेत" म्हणत मी त्यांना तिथे नेऊन बसवलं, तेव्हा हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आजाराचं नाव एक असलं म्हणून माणसं समदुःखी होत नाहीत.

मग एका निवृत्त मास्तरांना फोन केला. तंबाखू तीच, ऑपरेशन तसंच, फक्त सहा वर्षांपूर्वीचं. म्हटलं, आण्णांची परवानगी घेतली आहे, माझ्या खोलीत दोघे भेटा. मास्तर म्हणाले, "तुमच्या खोलीत नको. मी त्यांच्याकडे जेवायला जातो."

पुढचं मला मुलीनं सांगितलं. मास्तर आले, पिशवीतून नॅपकिन, पाण्याची बाटली आणि दाढीचा छोटा आरसा काढला. आरसा तांब्याला टेकवून ताटासमोर उभा केला. "वहिनी, भाकरी दुधात कुस्करून द्या. तिखट नको. आणि आमच्याकडं बघत बसू नका, तुमचं बोलणं चालू ठेवा." घास घ्यायचा, आरशात बघायचं, ओठ टिपायचे, पुढचा घास. पाऊण तास जेवण चाललं. आजाराचा विषय निघाला नाही. विट्याची गाडी आता किती वाजता सुटते यावर वाद झाला. दार उघडंच होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

निघताना आण्णांनी विचारलं, "लोक बघतात का हो?" मास्तर म्हणाले, "बघतात की. मग त्यांना सवय होते. आपल्याला जरा उशिरा होते."

मी चार भेटींत जे पटवत होते त्याच्या बरोबर उलट मास्तर बोलले, आणि त्यांचं खरं होतं. लोक बघतातच. माझ्या तोंडून "बघत नाहीत" ऐकताना आण्णांना एवढंच कळत होतं की या बाईंना माहीत नाही. आरशाची युक्तीही मला कधी सुचली नसती, कारण माझा ओठ शाबूत आहे.

ही वाट नवी नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या टेरेस लॅसर यांनी 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तसंच ऑपरेशन झालेल्या बायकांना इस्पितळात जाऊन भेटायला सुरुवात केली. डॉक्टरांना ते आवडलं नव्हतं. पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तेच काम आपलंसं केलं. घरचे मला हमखास विचारतात, अशानं आयुष्य वाढतं का? स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या 1989 च्या अभ्यासात, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका गटात येत त्या जास्त जगल्या असं दिसलं होतं. 2001 मध्ये कॅनडात मोठा अभ्यास झाला. त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन हलकं झालं, वेदनेचा त्रास कमी वाटला. म्हणून आयुष्य वाढेल असं आश्वासन मी देत नाही. जेवण सुखाचं होईल, एवढं म्हणते.

त्यानंतर तोंड-घशाच्या पेशंटांचा गट वेगळा केला. सात जण, वाचनालयाची मागची खोली, महिन्याचा पहिला शनिवार. पहिल्याच दिवशी चहा आला आणि सगळ्यांनी तो न बोलता बशीत ओतला. गरम कुणालाच सोसत नव्हता. एकमेकांकडे बघून हसले तिथेच निम्मं काम झालं. मिसरीनं जबडा गमावलेल्या एक आजी होत्या. त्या आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणत. दातांत काड्यांची चळत धरून तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, हे फिजिओथेरपिस्टनं सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. एकट्यानं कुणी करत नाही. इथे आजी दर महिन्याला काड्या मोजत आणि मागे पडलेल्याची खरडपट्टी काढत.

नियम दोनच. एकानं दुसऱ्याला औषध सुचवायचं नाही. आपली गाठ आणि शेजाऱ्याची गाठ यांची तुलना करायची नाही. एक गृहस्थ कसलीशी चूर्णाची पुडी विकायला लागले, त्यांना आजींनीच दाराबाहेर काढलं. कामाची माहिती मात्र भरपूर फिरे. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपटायचा नाही, जबड्याचं हाड सडू शकतं, हे डिस्चार्ज कार्डावर असूनही कुणी वाचलेलं नव्हतं.

सगळंच असं गोड झालं नाही. गटात एक रिक्षावाले होते, सगळ्यांत तरुण. दीड वर्षानं त्यांचा आजार उलटला. या कॅन्सरमध्ये परतण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. सहा महिन्यांत ते गेले. समदुःखी शोधायचे तर ही किंमत असते, आणि ती मी आता पहिल्याच दिवशी सांगते. पुढच्या शनिवारी चौघेच आले. कुणी बोललं नाही. चहा तसाच निवला.

त्याच सुमारास आण्णांची तपासणी जवळ आली होती. तपासणीआधीचे आठ-दहा दिवस झोप उडणं, गळ्याला सारखा हात लावून बघणं हे मला सगळ्यांत दिसतं. आण्णांचं तेवढ्यावर थांबलं नाही. तपासणी चांगली निघाली तरी ते पंधरा-वीस दिवस उठले नाहीत. मी सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? ते "हो" म्हणाले. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये आत्महत्येचा धोका इतर बऱ्याच कॅन्सरपेक्षा जास्त दिसून आला आहे, म्हणून हा प्रश्न मी टाळत नाही. विचारल्यानं मनात नसलेलं कुणी मनात घेत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, घरच्यांना त्यांना एकटं सोडू नका म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, काही महिने चालल्या. मास्तर त्या काळात रोज संध्याकाळी येऊन बसत, पण गोळ्यांचं काम गोळ्यांनीच केलं. आसपास डॉक्टर नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

तुमच्याही घरात असं दार बंद होत असेल तर ते उघडायला लावू नका. "आता बरे झालात ना" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. जिथे उपचार झाले तिथल्या समाजसेवा विभागात विचारा: याच जागेचं ऑपरेशन झालेलं, चार-पाच वर्षं काढलेलं, शक्यतो आपल्या बोलीत बोलणारं कुणी आहे का? स्वरयंत्र काढलेल्यांना स्वरयंत्र काढलेलाच माणूस लागतो, मलमूत्रासाठी पोटावर पिशवी लावलेल्यांना तसाच. गट नसला तरी चालेल, एक माणूस पुरतो.

आण्णा आता डेपोत हलक्या कामावर आहेत. घरी सगळ्यांसोबत जेवतात. आरसा आहे, नातू तो तांब्याला टेकवून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत मात्र अजून बसत नाहीत. अक्षता टाकतात, आहेर देतात आणि घरी येऊन जेवतात. हे कधी सुटेल, असं मुलीनं मागच्या दिवाळीत विचारलं. मला सांगता येईना, म्हणून मास्तरांना विचारलं.

"मी कुठं बसतोय?" मास्तर म्हणाले. "बुफे असला तर भिंतीकडं तोंड करून दहीभात खातो. पंगत असली तर मलाही घरी काम निघतं."